हॉलमधली चूल

शनिवारी सकाळी साडेनऊला मैनानं फोडणीसाठी कढई ठेवली, तेल तापायच्या आत गॅस दोनदा फुरफुरला आणि विझला.

सिलिंडर संपला होता. वीज नऊलाच गेली होती. शनिवार म्हणजे लाइनच्या दुरुस्तीचा वार, ती पाचच्या आत यायची नव्हती, त्यामुळे इंडक्शनचा काही उपयोग नव्हता. आणि भरलेला दुसरा सिलिंडर सोमनाथनं परवाच स्कूटरवर घालून बद्रुद्दीनभाईंच्या घरी पोचवला होता. त्यांच्या मुलीचं, जियाचं लग्न होतं, घरात पाहुणे होते, आणि विमान कारखान्यात पंचवीस वर्षं शेजारी उभं राहून काम केलेल्या दोस्ताला नाही म्हणणं सोमनाथला जमण्यातलं नव्हतं.

“साडेबाराला पाहुणे यायचेत,” मैना म्हणाली. “कुकर तेवढा उतरलाय. पुऱ्या, भाजी, मसालेभात, सगळं राहिलंय. आता त्यांना डाळ-भातावर मुलगी देऊ का?”

“अर्ध्या तासात सिलिंडर आणतो,” सोमनाथ म्हणाला. त्यानं नवा स्वेटर घातला होता आणि मिशीला काळा रंग लावून झाला होता. “तू टेन्शन घेऊ नकोस.”

“मी नाही घेत. तुम्ही घ्या थोडं.”

स्कूटर फाटकाबाहेर गेली. बत्तीस वर्षांच्या संसारात सोमनाथचा अर्धा तास किती मोठा असतो हे मैनाला माहीत होतं. तिनं कढई खाली उतरवली आणि हॉलमध्ये येऊन भिंतीकडं बघत उभी राहिली.

त्या भिंतीत सोमनाथची फायरप्लेस होती.

सत्तावीस वर्षांपूर्वी ओझरच्या कारखान्यानं त्याला ट्रेनिंगसाठी आठ महिने रशियाला पाठवलं होतं. तिथं कुणा साहेबाच्या घरी, खिडकीपर्यंत बर्फ साचलेला असताना, भिंतीतल्या आगीत भाजलेले बटाटे त्यानं खाल्ले होते. त्या बटाट्यांची गोष्ट या घरात इतक्यांदा सांगून झाली होती, की आरोहीला ती पाचवीतच पाठ झाली. रिटायर झाल्यावर त्यानं मखमलाबाद रस्त्याला बंगला बांधला आणि हॉलमध्ये भिंतीत आग पेटवायची सोय करून घेतली. भोवती काळा ग्रॅनाइट, वर फळी, फळीवर निरोपाच्या वेळी मिळालेलं पितळी विमान. दोन्ही बाजूंना सागाचे ओंडके, तेही व्हार्निश मारलेले, कारण ते जाळायचे नव्हते, दिसायचे होते.

“निफाडला साडेपाच अंश आलंय पेपरात,” तो थंडीत म्हणायचा.

“मग निफाडला बांधायची होती,” मैना म्हणायची.

ती आग एकदाच पेटली होती, तीन वर्षांपूर्वी, वास्तुशांतीच्या दिवशी. सोमनाथनं सव्वाशे माणसांसमोर काडी लावली, आणि पाच मिनिटांत सव्वाशे माणसं खोकत अंगणात आली. सगळा धूर हॉलमध्ये. नवे पडदे काळे. आणि त्याच वेळी त्याचा धाकटा भाऊ गोरक्ष, डोळे पुसत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला होता, “दादा, बैठकीत मसणवटा बांधला काय रं?”

लोक हसले. सोमनाथ हसला नाही. ज्या दिवशी घराची शांत केली त्याच दिवशी सख्ख्या भावानं घराला मसणवटा म्हणावं? तो गोरक्षला नको ते बोलला. गोरक्ष ताटावरून उठला आणि म्हणाला, “तुझ्या घरात पुन्हा घास खाल्ला तर नावाचा नाय.” सोमनाथ म्हणाला, “मीही विंचूरला तुझ्या उंबऱ्यात पाणी पिणार नाही.” दोघंही शब्दाला जागणारे होते, हीच पंचाईत होती.

मैनानं त्यानंतर त्या पोकळीत प्लास्टिकची सूर्यफुलं ठेवली. भाद्रपदात ती सूर्यफुलं काढून तिथं गणपती बसवायची. “आयतं मखर झालं बाई,” असं शेजारणीला सोमनाथच्या देखत सांगायची.

पण आजचा दिवस तसा थट्टेवारी न्यायचा नव्हता. आरोहीनं आणि रवीनं एकमेकांना पसंत केलं होतं. रवीला आज सुट्टी नव्हती, पण त्याचे वडील हिरामण गुरुजी आणि आई पुंजाबाई पेठहून सुपारी फोडायला येत होते. गुरुजींनी फोनवर एकच गोष्ट विचारली होती. “मुलगी लाखात एक आहे हो. पण दोनदा भेटलो, चुलते दिसले नाहीत. घरात काही असेल तर आत्ताच कळलेलं बरं. आमच्या थोरलीच्या वेळी मागाहून कळलं, फार त्रास झाला.”

आरोही विंचूरच्या वाइन पार्कात एका कंपनीच्या लॅबमध्ये होती. गुरुवारी ड्यूटी संपल्यावर ती तशीच काकाच्या मळ्यात गेली. गोरक्षनं पुतणीचं सगळं ऐकून घेतलं. “येतो,” म्हणाला. “पण जेवाचं नाव काढू नको. तोंडातून गेलेला शब्द हाय.”

जेवायला न बसलेला चुलता गुरुजींना दिसणार नाही, असं थोडंच होतं?

मैनानं सूर्यफुलं उचलून सोफ्यावर टाकली.

“आई, काय करतेस?” आरोही ओले केस टॉवेलात गुंडाळून जिन्यावर उभी होती.

“स्वयंपाक.”

“पप्पांच्या फायरप्लेसमध्ये?”

“मग काय गच्चीत उन्हात भाकरी वाळवू? बागेच्या कडेच्या चार विटा आण. आणि तो लोखंडी तवा, माळ्यावरचा.”

“आई, धूर होईल.”

“होऊ दे. नाहीतरी पाहुणे येऊन हेच बघणार, की या घरात काय शिजतंय.”

विटा मांडल्या. मैनानं हँडल बघितलं. ग्रॅनाइटच्या कडेला एक पितळी दांडा होता, वर ‘उघडी’ आणि खाली ‘बंद’ असं सोमनाथनं स्वतःच्या वळणदार अक्षरात रंगवलं होतं. धुराड्यातली झडप त्या दांड्यानं उघडायची. दांडा ‘उघडी’वर होता. तिनं पुठ्ठ्याचे तुकडे पेटवले आणि जे व्हायचं तेच झालं. धूर वर गेला, वर काहीतरी बघून आल्यासारखा परत फिरला आणि तिच्या तोंडावर आला.

दोघी मायलेकी खोकत खिडक्या उघडत होत्या, तेवढ्यात दारात आवाज आला.

“वहिनी! आग लागली का काय?”

गोरक्ष उंबऱ्याबाहेर उभा होता. पांढरा शर्ट, डोक्याला टोपी, आणि हातात तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा. घरात खाणार नाही म्हणून तो स्वतःचं जेवण बरोबर घेऊन आला होता. त्यानं धूर बघितला, विटा बघितल्या, वहिनीच्या नाकावरची काजळी बघितली, आणि त्याच्या मिशा थरथरायला लागल्या.

“भाऊजी, हसायचं असेल तर आत येऊन हसा,” मैना म्हणाली. “आणि येताना सरपण आणा. हे ओंडके पॉलिशचे आहेत, ह्यांना हात लावला तर तुमचे दादा माझ्यावर पोलीस केस करतील.”

“सरपण? पिकप भरून हाय की.” त्याला मागच्या वर्षी काढून टाकलेल्या द्राक्षबागेची वाळलेली खोडं त्र्यंबक रस्त्याच्या एका हॉटेलात तंदूरसाठी न्यायची होती. “पण दादा कुठंय?”

“सिलिंडरच्या शोधात. येतील रात्रीपर्यंत.”

गोरक्षनं डबा सांभाळून कोपऱ्यात ठेवला, खांद्यावरून दोन वेळा खोडं आणून ओतली आणि गुडघ्यावर बसला. मोबाइलचा टॉर्च लावून त्यानं मान आत घातली. मग हात घातला. आतून पत्र्याचा आवाज आला.

“वहिनी, तो दांडा हलवा जरा.”

मैनानं दांडा खाली, ‘बंद’वर ओढला. आत खट् झालं आणि पुठ्ठ्याचा उरलासुरला धूर एखाद्यानं वरून ओढून घ्यावा तसा सरळ वर गेला. हॉलमध्ये बाहेरची थंड हवा आली. गोरक्ष तसाच, मान आत घालून बसून राहिला. त्याची पाठ हलत होती.

“भाऊजी? लागलं का काही?”

तो बाहेर आला तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हसून हसून त्याला बोलता येत नव्हतं. त्यानं नुसतं बोट दाखवलं, आधी ‘उघडी’कडं, मग ‘बंद’कडं.

मैनाच्या डोक्यात लख्ख झालं. झडप उलटी जोडली होती. ‘उघडी’ म्हटलं की बंद, ‘बंद’ म्हटलं की उघडी. पस्तीस वर्षं विमानांचे भाग बसवलेल्या माणसानं स्वतःच्या घरातलं एक झाकण उलटं बसवलं होतं, आणि त्यापायी तीन वर्षं दोन भावांच्या घरची ताटं वेगळी झाली होती. ती मटकन खाली बसली आणि तीही हसायला लागली. तोंडावर पदर धरून, आवाज न करता, पोट दुखेपर्यंत.

“येऊ द्या आता घरी,” ती म्हणाली. “सोडतच नाही त्यांना. रशियात हेच शिकवलं का म्हणून विचारते.”

गोरक्षनं डोळे पुसले. हसू ओसरलं तसा त्याचा चेहरा वेगळाच झाला.

“नका, वहिनी.”

“काय नका?”

“सांगू नका त्याला. मी सांगतो, वर कबुतराचं घरटं होतं, ते काढलं.” तो विटा नीट लावायला लागला. “लय अभिमान हाय दादाला हाताचा. बा गेला तवा ह्याच हातानं त्यानं मला शिकवलं, बहिणींची लग्नं केली. मी त्या दिवशी लोकांत त्याची फजिती केली. आज पाव्हण्यांम्होरं पुन्हा नाय करायची.”

“आणि तीन वर्षं तोंड फुगवून बसलात ते?”

“ते निराळं. ते आमच्या दोघांतलं हाय.”

मैना त्याच्याकडं बघत राहिली. लग्न होऊन आली तेव्हा हा दीर दहावीत होता, आणि तिच्या माहेरच्या बोलण्याची नक्कल करून तिला रडवायचा. “बरं,” ती म्हणाली. “घरटं. अंडी होती का त्यात?”

“नव्हती. पापाचं काम नको.”

द्राक्षाची खोडं चरचरून पेटली. मैनानं पदर खोचला. चुलीसमोर उकिडवं बसायला गुडघे आधी तयार नव्हते, पण हातांना सगळं आठवत होतं. तिनं पुऱ्यांचा बेत रद्द केला. निखारे पुढं ओढून त्यांत सात मोठी वांगी ठेवली, मधल्या जाळावर तवा टाकला आणि परातीत बाजरीचं पीठ घेतलं. पहिली भाकरी तव्यावरून निखाऱ्यापाशी उभी केली तेव्हा ती टम्म फुगली. आरोही मोबाइलवर फोटो काढायला लागली.

“फोटो नंतर. वांगी फिरव,” मैना म्हणाली. “कुठल्या वासाला काय म्हणतात ते लॅबमध्ये सांगतेस ना? मग करपलेला वास कुठला तेही ओळख.”

“स्मोकी नोट्स आहेत आई. वाइनला एवढ्या मिळाल्या तर आमचे सर नाचतील.”

“काकालाही नाचायला लाव. बघ कसा दूर बसलाय.”

गोरक्ष लाकडं सारत होता, लसूण सोलत होता, ठेच्याच्या मिरच्या निखाऱ्यावर परतत होता. एकदा त्यानं सवयीनं मिरचीचा तुकडा तोंडात टाकायला उचलला, आठवण झाली तसा परत ठेवला. मैनानं बघितलं आणि बघितलं नाही असं केलं.

पावणेबाराला सोमनाथ हात हलवत आला. तीन ठिकाणी फिरला होता, सिलिंडर कुठंच नव्हता. दारातच तो थबकला. हॉलमध्ये धूर नव्हता. आग सरळ, संथ जळत होती. भरताचा वास जिन्यापर्यंत गेला होता. आणि त्याच्या फायरप्लेससमोर, तीन वर्षांनी, त्याचा भाऊ मांडी घालून बसला होता.

दोघांनी एकमेकांकडं बघितलं.

“वर घरटं होतं कबुतराचं,” गोरक्ष आगीकडं बघत म्हणाला. “काढलं.”

सोमनाथची छाती बघता बघता चार बोटं फुगली. “घरटं! मी म्हणत नव्हतो? डिझाइनमध्ये काही चूक नाही म्हणून? काय गं, म्हणत नव्हतो?”

“म्हणत होतात,” मैना म्हणाली आणि भाकरीवर जरा जास्तच जोरात थाप मारली.

पाहुणे आले तेव्हा सोमनाथचं विमान पार ढगांत होतं. हिरामण गुरुजी उंच, सडसडीत, प्रत्येक गोष्टीजवळ जाऊन चष्मा सावरून बघणारे. पुंजाबाई बुटक्या आणि हसऱ्या. आत येताच त्यांनी चुलीकडं बघितलं आणि म्हणाल्या, “अगं बाई, मैनाताई, मी घरून ठरवून आले होते, शहरातलं घर, सोफ्यावर कसं बसायचं. इथं तर चुलीपाशी बसता येतंय.” आणि त्या खरंच खाली, मैनाशेजारी बसल्या.

सोमनाथनं गुरुजींना हवेचा दाब समजावला, गरम हवा हलकी का असते ते समजावलं, रशियातले बटाटे खायला घातले. गोरक्ष एका शब्दानं मध्ये बोलला नाही. आरोहीनं त्याची ओळख करून दिली तेव्हा गुरुजींनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. “तुम्हालाच बघायचं होतं,” म्हणाले.

मग गुरुजी आगीजवळ वाकले.

“सोमनाथराव, एक शंका. मी शाळामास्तर, शंका आली की विचारल्याशिवाय जेवण जात नाही. हा दांडा ‘बंद’वर आहे. मग धूर वर कसा जातोय?”

मैनाचा हात पिठात थांबला.

“वारा हाय आज,” गोरक्ष घाईनं म्हणाला. “फटीतनं जातो. अन् अक्षरं काय, पुसट झालीत...”

अक्षरं अजिबात पुसट नव्हती. सोमनाथ दांड्याकडं बघत होता. पस्तीस वर्षं फिटर होता तो, त्याला समजायला दोन क्षण पुरले. त्यानं हात पुढं केला, दांडा वर केला. धूर लगेच बाहेर वळला. दांडा खाली केला. धूर वर. त्याच्या रंगवलेल्या मिशीखालचा ओठ जरासा हलला.

मैनाला वाटलं, आता हा म्हणेल, गवंड्याची चूक. आत्ता म्हणेल. आणि तसं म्हटलं असतं तर कुणी काही बोललंही नसतं.

“घरटं नव्हतं, गुरुजी,” सोमनाथ म्हणाला. “झडप मी उलटी बसवलीय. माझ्या हातानं. तीन वर्षांपूर्वी ह्याच जागी सव्वाशे माणसं धुरानं कोंडली, आणि हा माझा भाऊ एक शब्द थट्टेनं बोलला. चूक माझी होती, राग मी त्याच्यावर काढला. तेव्हापासून आम्ही एकमेकांच्या घरी जेवत नाही. तुम्ही फोनवर विचारलंत ना, घरात काही आहे का? हे आहे.”

पुंजाबाईंनी नवऱ्याकडं बघितलं. आरोहीनं काकाचा हात धरला. तवा तापत राहिला.

“तुला कधी कळलं?” सोमनाथनं गोरक्षला विचारलं.

“सकाळीच. आल्या आल्या.”

“आणि बोलला नाहीस?”

“एकदा बोललो होतो की,” गोरक्ष म्हणाला. “लय महागात पडलं.”

आधी पुंजाबाई हसल्या. मग गुरुजी, चष्मा काढून. मग सोमनाथ. तो उठला, कोपऱ्यातला स्टीलचा डबा उचलून घेऊन आला आणि आपल्या पाटासमोर ठेवून उघडला. वरच्या कप्प्यात गोरक्षच्या बायकोनं, चिमणाबाईनं केलेली मेथीची भाजी होती, खाली दशम्या, तळाला शेंगदाण्याची चटणी.

“दादा, ते माझं...”

“तुझं तिथं आहे,” सोमनाथनं चुलीकडं बोट केलं. “चिमणाच्या हातचं मी खातो. मेथी आहे का? तीन वर्षं झाली. तू घास खाणार नाहीस म्हणालास, भाकरी खायला बंदी नाही.”

“अन् तू पाणी प्यायचं नाय म्हणाला हुता.”

“मी कुठं पितोय? दशमी खातोय.”

“ऐका,” पुंजाबाई गुरुजींना म्हणाल्या. “आता सुपारी फोडून टाका. हे दोघं पुन्हा भांडायच्या आत.”

“आता फोडायला हरकत नाही,” गुरुजी म्हणाले. “मी समजत होतो काय नि काय निघेल. असलं भांडण तर चालू राहिलेलंच बरं.”

सुपारी आणि अडकित्ता ताटात आला. सोमनाथनं तो हातात घेतला आणि गोरक्षपुढं केला. “तू फोड. चुलता आहेस.”

“हात काळे हायत माझे.”

“माझेही होते, त्या दिवशी. कुणी म्हटलं नाही धुवून ये म्हणून.”

गोरक्षनं सुपारी फोडली. अडकित्त्यावर त्याच्या बोटांचे ठसे उमटले. आरोहीनं वाकून काकाच्या पाया पडताना त्याच्या गुडघ्यावर कपाळ जरा जास्त वेळ टेकलं, आणि त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवल्यावर तिच्या धुतलेल्या केसांना काजळी लागली.

जेवणं झाली, गोरक्षचंही. भरताची परात पुसून निघाली. गुरुजींनी पाच भाकऱ्या खाल्ल्या आणि सहावीला पुंजाबाईंनी त्यांच्याकडं नुसतं बघितलं. चार वाजता पाहुणे पेठच्या वाटेला लागले. आरोही रवीला फोन करायला गच्चीत गेली, आणि तिच्या हसण्याचा आवाज खालपर्यंत यायला लागला. मैना सगळी भांडी मोरीत नेऊन चुलीपाशी परत आली तेव्हा तिच्या लक्षात आलं, आपण पहाटे पाचपासून चहावर आहोत. पातेल्यात वरण होतं, पण भाकरी एकही उरली नव्हती.

“बस,” सोमनाथ म्हणाला.

“अहो, भांडी...”

“बस म्हटलं ना.” त्यानं स्वतःच्या हातानं पाट मांडला, तांब्या भरून ठेवला. चुलीसमोर गोरक्ष परातीत पीठ मळत होता. जीभ दातांत धरून, शाळेतल्या पोरानं चित्र काढावं तसा तो भाकरी थापत होता. सोमनाथ मागून सांगत होता, पाणी कमी घाल, कडा सांभाळ, आणि गोरक्ष म्हणत होता, तू झडपेचं बघ, भाकरीचं मी बघतो.

ताटात भाकरी पडली. मैनानं ती उचलून फिरवून बघितली.

“भाऊजी, ही भाकरी आहे की नाशिक जिल्ह्याचा नकाशा?”

“खावा गुमान. सुरगाण्याकडनं सुरुवात करा.”

तिनं तुकडा मोडला. एका बाजूनं कच्ची होती, दुसऱ्या बाजूनं करपली होती. दोघं भाऊ गुडघ्यावर हात ठेवून तिच्या तोंडाकडं बघत बसले होते. मैनानं वरणात बुडवून ती सगळी खाल्ली, सावकाश, शेवटच्या कडेपर्यंत. मग ताट पुढं केलं आणि म्हणाली, “अजून एक.”